बारटेंडर व्हायचंय? आधी दहा ग्लास लिंबू सरबत कर

प्रश्न थोडक्यात असा आहे: वय २२, वर्धा जिल्ह्यातलं गाव, बी.कॉम. झालंय, बारटेंडर व्हायचंय. स्वतः दारू पीत नाही, ते चालेल का? महागडा कोर्स करावा का? घरी काय सांगू? आणि वर्गातली एक मैत्रीणही याच विचारात आहे, मुलींना हे काम मिळतं का?

पहिलं म्हणजे 'सर' नको, दादा म्हण. काउंटरमागे उभा राहून मला एकोणीस वर्षं झाली. पुण्यात परमिट रूममध्ये सुरुवात केली, मग मुंबईत हॉटेल, एक सीझन गोव्यात, आणि आता एका कॉकटेल बारचं काउंटर सांभाळतो. नवी पोरं मीच निवडतो, म्हणून निवडणाऱ्याच्या बाजूने काय दिसतं ते सांगतो.

तुझ्या प्रश्नातली सगळ्यात कामाची गोष्ट तू ओघात लिहून गेलास: बी.कॉम. लोकांना वाटतं, बारटेंडर म्हणजे बाटल्या हवेत उडवणारा. बाटली उडवता न येणारे उत्तम बारटेंडर मी ढिगाने पाहिलेत. हिशोब न येणारा एकही पाहिला नाही. हे काम मुळात मोजण्याचं आहे. मिली मोजायचे, बर्फ मोजायचा, रिकाम्या बाटल्या मोजायच्या, आणि समोरच्या माणसाचे किती झालेत तेही, त्याला न कळू देता.

उदाहरण घे. ७५० मिलीची बाटली, ३० मिलीचा स्मॉल पेग, म्हणजे २५ पेग. हे गणित मी मुलाखतीत विचारतो आणि अर्धी मुलं इथेच अडखळतात. आता समज, तुझा हात सैल आहे आणि प्रत्येक पेगमध्ये ३ मिली जास्त जातात. गिऱ्हाइकाला कळत नाही, तुलाही कळत नाही. पण बाटलीतून २५ ऐवजी पावणेतेवीसच पेग निघतात. पेग ३५० रुपयांना असेल तर बाटलीमागे जवळजवळ आठशे गेले. त्या ब्रँडच्या रोज तीन बाटल्या खपत असतील तर महिन्याला सत्तर हजारांवर. महिनाअखेरीला स्टॉक घेतला की हा आकडा मालकासमोर येतो, आणि तो म्हणत नाही की पोराचा हात सैल आहे. तो म्हणतो, पोरगा चोर आहे. या धंद्यात हकनाक नावं खराब होतात ती अशी. म्हणून जिगर, म्हणजे पेग मेजर, सोडू नकोस. फ्री पोअरिंग, म्हणजे बाटलीच्या तोंडाला पोअरर (ओतायची नळी) लावून मनात आकडे मोजत ओतणं, दिसतं छान, आणि गर्दीत वेळही वाचतो. पण ते वर्षभराने. तोवर मेजर काठोकाठ भर, डोळ्याच्या पातळीला बघ आणि ओत.

घरी सराव करायला दारू लागत नाही. रिकामी बाटली घे, साधा पोअरर मिळतो तो लाव, पाणी भर आणि ३० मिली ओतत बस. औषधाचं मापाचं झाकण किंवा इंजेक्शनची सिरिंज घेऊन तपास. शंभर वेळा ओतल्यावर किती वेळा बरोबर आलं ते वहीत लिही. पाण्याने जे जमत नाही ते व्हिस्कीने जमणार नाही.

आता सरबत. माझ्याकडे येणाऱ्या नव्या मुलाला मी कॉकटेल करायला लावत नाही. लिंबं, साखर, मीठ, पाणी देतो आणि सांगतो, दहा ग्लास सरबत कर, दहाही एकाच चवीचे हवेत. बहुतेक जण पहिल्या ग्लासात अर्धं लिंबू पिळतात, दुसऱ्यात अर्धं, तिसऱ्यात अर्धं. कागदी लिंबू कुठलंही दुसऱ्यासारखं नसतं. एकात रस जास्त, एकात नुसती साल. जो मुलगा आधी सगळी लिंबं पिळून रस गाळून एकत्र करतो, साखरेचा पाक आधी करून ठेवतो आणि मग मापाने ओततो, त्याला मी कामावर घेतो. त्याला डायकिरी हे कॉकटेल शिकवायला दहा मिनिटं लागतात. रम ६० मिली, लिंबाचा रस २५, पाक २०, बर्फावर दहा-बारा सेकंद दणकून हलवायचं, गाळायचं. रमऐवजी व्हिस्की घातली की व्हिस्की सावर. आंबट, गोड आणि कडक यांचा तोल ज्याला कळला, त्याला निम्मा मेनू कळला. राहिलेल्या निम्म्यात दारूत दारूच मिसळायची असते, नेग्रोनी किंवा मार्टिनीसारखी. ती हलवायची नाही, लांब चमच्याने वीस-तीस सेकंद ढवळायची, म्हणजे थंड होते, पाणी बेताने सुटतं आणि गढूळ होत नाही. एक गोष्ट अनुभवाची: आपला लिंबाचा रस सकाळी पिळून रात्री वापरलास तर कडवट लागतो. दुपारी पिळ, रात्री उरलेला फेकून दे.

लिंबावरून आठवलं. भर दुपारी पन्नास लिंबं पिळून, हात न धुता मोटारसायकलवर उन्हात निघालास तर दोन दिवसांनी बोटांवर काळे डाग उठतील. लिंबाचा रस आणि ऊन एकत्र आले की कातडी भाजते. मला पहिल्या वर्षी वाटलं होतं, कसला तरी रोगच झाला.

तू बारटेंडर म्हणून लागणार नाहीस, हेही आताच ऐकून ठेव. तू बारबॅक म्हणून लागशील. बारबॅक म्हणजे बर्फ भरणारा, ग्लास पुसणारा, क्रेट वाहणारा, फळं कापणारा, बारटेंडरच्या हाताला हवी ती वस्तू मागायच्या आधी देणारा. सहा महिने, कधी वर्ष. मी पुण्या-मुंबईत पाहतो ते पगार हातात पंधरा ते वीस हजार, वर टिपेतला वाटा. टिप बहुतेक ठिकाणी एकत्र करून वाटली जाते आणि बारबॅकचा हिस्सा लहान असतो. कसा वाटतात ते पहिल्याच दिवशी विचार, नंतर विचारणं अवघड जातं.

या सहा महिन्यांत मुख्य विषय बर्फ. हसू नकोस. पेयातला पंचमांश-चतुर्थांश भाग वितळलेल्या बर्फाचं पाणी असतो, म्हणजे बर्फाला वास असेल तर महागातली महाग बाटली वाया. लादीचा बर्फ आला तर तो खाण्याचा आहे का बघ. महाराष्ट्रात २०१८ पासून अखाद्य बर्फात निळा रंग घालणं सक्तीचं आहे, तो ग्लासात जाता कामा नये. आणि बर्फ कधीही ग्लासाने उपसू नकोस, स्कूपनेच.

हे शेवटचं वाक्य मी फार भारी किंमत देऊन शिकलो. माझा तिसरा महिना. शनिवारची रात्र, काउंटरवर तीन रांगा, आणि घाईत मी ग्लासच बर्फात घातला. काठ तुटला. दिसले ते दोन तुकडे उचलले, इकडेतिकडे पाहिलं आणि पुढची ऑर्डर घेतली. आमचे सिनियर मंगळूरचे, त्यांना सगळे अण्णा म्हणत. त्यांना तो आवाज पंधरा फुटांवरून ऐकू आला होता. ते आले, काही न बोलता ग्रेनडिनची, म्हणजे लाल सिरपची, बाटली अख्ख्या बर्फावर उपडी केली, म्हणजे कोणी चुकूनही त्यातला खडा उचलू नये. मग गरम पाणी ओतून सगळा बर्फ वितळवला, टाकी पुसली, नवा बर्फ भरला. वीस मिनिटं काउंटर बंद. मालक बघतोय, गिऱ्हाइकं ओरडतायत. अण्णा मला फक्त एवढंच म्हणाले, "पोटात काच गेली तर तू देणार आहेस का काढून?" त्या रात्रीची टिप मला मिळाली नाही आणि मी मागितलीही नाही.

आता 'पीत नाही, चालेल का?' चालेल. माझ्या मते बरंच. चव घ्यावी लागते, पण ती स्ट्रॉच्या टोकाला बोट लावून दोन थेंब जिभेवर, आणि हवं तर थुंकून टाकायचं. वाइन चाखणारे भर सभेत थुंकतात, त्यात लाज नाही. व्हिस्कीचा धूर कुठला आणि लाकूड कुठलं हे नाकानेच जास्त कळतं. मात्र धार्मिक किंवा इतर कारणाने दोन थेंबही चालणार नसतील तर तसं स्पष्ट सांग. परमिट रूममध्ये तरीही काम मिळेल, कॉकटेल बारमध्ये अवघड जाईल. उलट मला काळजी असते ती 'मला ड्रिंक्सची फार आवड आहे' म्हणणाऱ्याची. रात्री दीडला काम संपतं, शरीर ताणलेलं असतं, बाटली हाताशी असते. माझ्याबरोबरच्या पहिल्या तुकडीतली दोन चांगली माणसं अशीच गेली. याहून जास्त मी त्यावर लिहिणार नाही.

कुठून सुरुवात करावी यावर लोकांचं एकमत नाही. माझं मत परमिट रूमच्या बाजूने आहे, आणि त्यासाठी मला नव्या पिढीकडून टोमणे ऐकावे लागतात. तिथे शेकर नसतो, मान्य. पण शुक्रवारी रात्री चौदा टेबलांचे 'दोन लार्ज सोडा-पाणी, एक स्मॉल फक्त पाणी, एक क्वार्टर, दोन चिल्ड बिअर' एकामागून एक येतात, वेटर ओरडून सांगतो, आणि कागद यायच्या आत तुला ते डोक्यात लावायचे असतात. ती स्मरणशक्ती कुठल्या कोर्समध्ये मिळत नाही. क्वार्टर १८०, निप ९०, हाफ ३७५, खंबा ७५० ही भाषा तिथेच अंगात मुरते. वर्षभर तिथे काढ आणि मग कॉकटेल बारकडे जा. पाच वर्षं काढू नकोस, नाहीतर हाताला तीच सवय लागते. पंचतारांकित हॉटेलात शिस्त आणि वाइनचं ज्ञान मिळतं, पण तिथे बहुतेकदा हॉटेल मॅनेजमेंटवाल्यांना पहिला प्रवेश असतो. क्रूझवर पैसा आहे, पण त्याला एसटीसीडब्ल्यूचं (जहाजावर काम करणाऱ्यांचं) सुरक्षा प्रशिक्षण, सीडीसी (खलाशाची नोंदपुस्तिका), वैद्यकीय तपासणी आणि आधीचा अनुभव हे सगळं लागतं. लाख रुपये घेऊन थेट जहाजावर चढवतो म्हणणाऱ्या एजंटला दारात उभा करू नकोस.

कोर्सचं म्हणशील तर महिनाभर बारबॅकचं काम केल्याशिवाय पैसे भरू नकोस. ओल्या फरशीवर दहा तास उभं राहणं तुला जमतं का, हे वर्गात कळत नाही. जमलं, तर मग शिक. मुंबईत शतभी बसूंची बारटेंडिंग शिकवणारी स्टिर अकादमी आहे, दादरचं आयएचएम, म्हणजे हॉटेल मॅनेजमेंटची संस्था आहे, वाइन-स्पिरिटसाठी डब्ल्यूएसईटी या संस्थेच्या परीक्षांच्या पायऱ्या आहेत. गल्लीतल्या कुठल्या क्लासला गेलास तर एकच प्रश्न विचार: दिवसातून किती तास हाताने काम, किती तास फळ्यासमोर? उत्तर गोलमोल आलं तर उठ.

तुझ्या मैत्रिणीसाठी आत्ताच शतभी बसूंचं नाव घेतलं ते मुद्दाम. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला त्या काउंटरमागे उभ्या राहिल्या, देशातली पहिली महिला बारटेंडर म्हणून त्यांचं नाव घेतात. तरी दिल्लीत १९१४ च्या पंजाब अबकारी कायद्यातलं एक कलम बाईला दारू प्यायली जाते त्या जागी नोकरी करू देत नव्हतं. डिसेंबर २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनुज गर्ग खटल्यात ते रद्द ठरवलं. आज मुंबईच्या चांगल्या बारमध्ये मुली हेड बारटेंडर आहेत. तिला एवढंच सांग: महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने-आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊनंतर तिला काम द्यायचं तर तिची संमती लागते आणि घरी पोचवण्याची सोय मालकाने करायची असते. मुलाखतीत हा प्रश्न तिने आधी विचारावा, पगाराचा नंतर. तुला मात्र मुंबईत शेवटची लोकल चुकणार आणि पहाटे चारच्या पहिल्या लोकलची वाट बघत तू खुर्च्यांवर झोपणार, हे धरून चाल.

कायद्याचं थोडं, कारण इथे चूक झाली तर ती फक्त मालकावर जात नाही. महाराष्ट्रात बिअर-वाइनसाठी वय २१ आणि बाकी दारूसाठी २५. गोव्यात वयाची अट कमी आहे. म्हणजे गोव्याहून परत आलेला तेविशीतला मुलगा खुशाल व्हिस्की मागेल आणि तुला नाही म्हणावं लागेल. परवान्याची भानगडही आपल्याकडे आहे: एक दिवसाचा पिण्याचा परवाना विदेशी मद्याला पाच रुपये. बहुतेक पिणाऱ्यांना तो असतो हेच माहीत नसतं. स्वतःसाठी विचारायचं म्हणजे मालक तुझा नोकरनामा, म्हणजे बारमध्ये काम करण्याची सरकारी परवानगी, राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून करून घेतोय का. तपासणी आली आणि काउंटरमागे नोकरनाम्याविना उभा असलास तर पहिला प्रश्न तुलाच. मी स्वतः २१ च्या खालच्या पोराला काउंटरमागे उभा करत नाही, कितीही हुशार असो.

आणि मग 'आता पुरे' म्हणण्याची कला. एका स्मॉल पेगमध्ये, ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीत, शुद्ध मद्यार्क १३ मिलीच्या आसपास. सात टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिली बाटलीत साडेपंचेचाळीस. म्हणजे एक बाटली साडेतीन स्मॉलच्या बरोबर. 'मी तर फक्त बिअर घेतोय' म्हणणारा माणूस तीन बाटल्यांत दहा पेग पार करून बसलेला असतो. गाडी चालवायची रक्तातली मर्यादा १०० मिलीला ३० मिलीग्रॅम, ती तर केव्हाच मागे पडलेली. त्याला 'तुम्हाला चढलीय' असं कधी म्हणायचं नाही. मित्रांसमोर तर नाहीच. आधी न मागता पाण्याचा मोठा ग्लास ठेवायचा. मग खायला काय देऊ विचारायचं, आणि चकणा नाही, पोटभरीचं. पुढचा पेग थोडा उशिरा न्यायचा. तरी मागितलाच तर कॅप्टनला, म्हणजे वेटरांच्या प्रमुखाला, सांगायचं आणि त्याच्या टेबलावरचा सगळ्यात शुद्धीवरचा माणूस बाजूला घेऊन बोलायचं. शंभरातले नव्वद इथे मिटतात. उरलेल्या दहांसाठी दाराशी बाउन्सर असतो. तू काउंटर ओलांडून बाहेर यायचं नाहीस.

घरी काय सांगायचं, हा तुझा खरा प्रश्न मला वाटतो. तुझ्या जिल्ह्यात सत्तरच्या दशकापासून दारूबंदी आहे, जवळ सेवाग्राम. तिथे 'मी दारू वाढतो' म्हणणं सोपं नाही आणि त्यांना मागासलेले समजू नकोस. दारूने घरं बसलेली त्यांनी पाहिलेली असणार. माझ्या आईला मी दोन वर्षं 'हॉटेलात आहे' एवढंच सांगितलं होतं. शेवटी एका लग्नात कुणी तरी सांगितलं आणि तिला वाईट वाटलं ते कामाचं नाही, लपवल्याचं. तेव्हा सांग. काम काय, वेळ काय, पगार किती, आणि तू पीत नाहीस हेही. पटेलच असं नाही. माझ्या वडलांना अजून पटलेलं नाही, पण माझ्या हातचं कोकम सरबत ते मागून घेतात.

निघणार असशील तर सप्टेंबर-ऑक्टोबरात निघ. डिसेंबरच्या गर्दीआधी सगळीकडे माणसं भरतात, गोव्यातही सीझन तेव्हाच उघडतो. मेल पाठवत बसू नकोस, स्वतः जा. मंगळवार-बुधवार, दुपारी साडेतीन ते पाच, काउंटर लावायचं काम चालू असतं आणि बार मॅनेजरला बोलायला वेळ असतो. काळी पँट, न घसरणारे बंद बूट, कापलेली नखं, अंगाला उग्र अत्तर नको, कारण वासावर आमचं काम चालतं. आणि 'आज रात्री फुकट ग्लास पुसतो, बघा' असं म्हण. शुक्रवारी रात्री आठला गेलास तर तुझ्याकडे कोणी मान वर करूनही बघणार नाही.